पत्रिका वाटता वाटता: ठाणे आणि नवी मुंबईतलं स्वस्तातलं खाणं

शुक्रवार

पाटणहून आलेल्या गाडीनं तुर्भ्याजवळ हायवेला उतरवलं तेव्हा पहाटेचे चार वाजून गेले होते. एका पिशवीत दोन जोड कपडे आणि दुसऱ्या, जड पिशवीत भाचीच्या लग्नाच्या पत्रिका. लग्न कराडला, पण निम्मे पाहुणे ठाण्यात आणि नवी मुंबईत. मोबाईलवर आलेल्या पत्रिकेला आमच्यात अजून कुणी आमंत्रण मानत नाही. हळद-कुंकू लावलेला कागद हातात पडला पाहिजे, तोही मामाच्या हातून. म्हणून मी.

पत्रिका वाटणाऱ्याचं पोट हा मोठा प्रश्न असतो. प्रत्येक दारात पोहे, नाहीतर उपमा, वर चहा. संध्याकाळपर्यंत माणूस पोह्यांनीच भरतो आणि ज्या गावाला गेला तिथलं काही चाखतच नाही. यावेळी निघतानाच ठरवलं होतं, घरांत फक्त चहा घ्यायचा आणि जेवायचं बाहेर, कामावरची माणसं जेवतात तिथं, त्यांना परवडेल त्या भावात.

चुलतभाऊ एपीएमसीच्या, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीच्या, कांदा-बटाटा मार्केटात माथाडी आहे. "आधी घरी जाऊ नको, इकडंच ये," असं दादानं फोनवर बजावलं होतं. त्याचं काम सुरू व्हायला वेळ होता, म्हणून तो मला आधी भाजी मार्केटात घेऊन गेला. पहाटे साडेचारला तिथं भर दुपार असते. रात्रीपासून ट्रक लागलेले, कोबीच्या गोण्या, मिरचीची पोती, डोक्यावर पाटी घेऊन "बाजू, बाजू" करत धावणारी माणसं. मध्ये उभं राहाल तर शिव्या खाल. ज्याचं काम रात्री एकला सुरू झालंय त्याची पाच वाजता जेवणाची वेळ होते, त्यामुळं इथल्या गाड्यांवर पहाटेच अंडाभुर्जी मिळते. तवा गाडीभर मोठा, पाव त्यातच दाबून गरम केलेले. एक गोष्ट लगेच लक्षात आली: शहरात इतरत्र भाव चढला की भुर्जीतला कांदा गायब होतो, इथं हात आखडत नाहीत. बाजार उशाला आहे. साठ रुपयांत भुर्जी आणि चार पाव, दहाचा चहा. भुर्जी पातळसर आणि मिरची जरा जास्त, पण पहाटे तशीच बरी वाटते.

आता इथंच उभं राहिलेलं हे सगळं पूर्वी मुंबईत होतं. कांदा-बटाटा १९८१ ला इकडं आला, मसाला आणि धान्य नव्वदीच्या सुरुवातीला, भाजी आणि फळं १९९६ ला. बाजाराबरोबर माणसं आली आणि माणसांबरोबर त्यांचं जेवण. माथाडींत आमच्या सातारा जिल्ह्याची माणसं फार. त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील आमच्याच पाटण तालुक्यातले. १९६९ चा माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्याला मजुरीचा हिशेब, भविष्यनिर्वाह निधी असल्या गोष्टी पहिल्यांदा मिळाल्या. दादाच्या तोंडी अजून हमाली, तोलाई, वाराई हेच शब्द असतात. पगार हा शब्द तो वापरत नाही.

साडेअकराला खानावळ. मार्केटाच्या बाहेर, एका गाळ्याच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली. चालवणाऱ्या मावशी ढेबेवाडीकडच्या. मी पाटणचा म्हटल्यावर पहिला प्रश्न, "कुठल्या वाडीचा?" आणि दुसरा, "पाऊस झाला का वळवाचा?" मग ताट आलं. ज्वारीच्या दोन भाकरी, आमटी, वांग्याचा रस्सा, कांदा, आणि खर्डा. खर्डा पाट्यावरचा होता. मिक्सरमधून काढलेला लगेच कळतो, त्याला पाणी सुटतं. भाकरी हातावर थापलेली, कड करपलेली नाही, पापुद्रा सुटलेला. ऐंशी रुपये. रोजच्या गड्यांचा हिशेब वहीत महिन्यावर असतो आणि त्यांना थोडं कमी पडतं. पत्ता मी मुद्दाम देत नाही. जागा दहा माणसांची आहे आणि दादाला रोज तिथं बसायला मिळालं पाहिजे.

मुंबईत गिरणगाव होतं तेव्हा अशा खानावळी चाळीत, घराघरांत चालायच्या. त्या चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. गिरण्या गेल्या, खानावळी बऱ्याचशा आटल्या. बाजार चालू आहे तिथं त्या अजून आहेत. पुढचे सगळे दिवस मी हाच माग काढत फिरलो.

संध्याकाळी कोपरखैरण्याला दादाकडं. माथाडींसाठी सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं, बांधलेली छोटी घरं, आता प्रत्येकावर मजले चढलेत. वहिनींनी डागी हापूस कापून ठेवला होता. डाग काढून टाकला की आतला गर तोच, किंमत निम्म्याखाली.

शनिवार

कोपरखैरण्याहून ठाण्याची लोकल. घणसोली, रबाळे, ऐरोली, २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेलं दिघा गाव, मग ठाणे. या मार्गावर सकाळी उलट्या दिशेनंही तेवढीच गर्दी असते, हे मला दरवेळी नवल वाटतं. ठाणे हे देशातल्या पहिल्या प्रवासी गाडीचं शेवटचं स्टेशन, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदरहून. त्या दिवशी उतरलेल्यांनी इथं काय खाल्लं असेल, याची कुठं नोंद सापडली तर मला जरूर कळवा.

शनिवार असल्यानं अंडं-मासळी बंद, त्यामुळं मिसळ आणि वडे. पुतण्या सोबत होता. तो ठाण्यात कॉलेजला आहे, म्हणजे त्याला सगळं माहीत, निदान त्याचं म्हणणं तसं.

पश्चिमेला उतरून पहिल्यांदा मामलेदार मिसळ. तहसीलदार कचेरीला लागून ही जागा आहे, आणि नाव कचेरीवरूनच पडलं. मुर्डेश्वर कुटुंबानं चाळीसच्या दशकात कचेरीत येणाऱ्यांसाठी कँटीन म्हणून सुरू केलेलं हे ठिकाण. उतारे काढायला आलेले शेतकरी, स्टॅम्पवाले, वकील, तारखेला आलेले पक्षकार: पोटात काहीतरी तिखट पडल्याशिवाय कचेरीत बसणं होत नाही, हे ज्यानं ओळखलं त्याला माणूस कळला होता. आता शहरभर आणि बाहेरही या नावाच्या शाखा आहेत, पण जायचं तर इथंच जावं. रांग होती, पटापट सरकली. टेबल आपलं एकट्याचं नसतं, समोर कुणीही येऊन बसतं.

आता मी साताऱ्याकडचा, म्हणजे कोल्हापूरच्या कटावर वाढलेला. कोल्हापुरात रश्श्यात मसाल्याचा वास आधी येतो आणि तिखट मागून. इथं तिखट सरळ समोरून येतं. मध्यम सांगितली होती. फरसाण, कांदा, लालभडक रस्सा, पाव. पहिल्या चार घासांना कान गरम झाले, आठव्याला नाक वाहायला लागलं. पुतण्यानं तिखट मागवली आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही. माझं मत विचाराल तर रश्श्याला खोली थोडी कमी आहे, कटाची मजा नाही. पण एक गोष्ट कोल्हापूरकरांनी मान्य करावी: ही मिसळ आळस घालवते. कचेरीच्या दारातल्या मिसळीचं काम तेच असतं.

नौपाड्यात दोन पत्रिका दिल्या. एका घरी पोहे आलेच होते, "आत्ताच मिसळ" म्हटल्यावर ताट परत गेलं. ठाणेकरांना मिसळीचं कारण चालतं, दुसरं कुठलं कारण चाललं नसतं.

मग विष्णूनगरमधला गजानन वडापाव. इथली पिवळी चटणी प्रसिद्ध, बेसनाची, पातळ पिठल्यासारखी. ती वड्याबरोबर वाटीत किंवा बशीत येते आणि लोक चमच्यानं नुसती खातात. माझ्या शेजारच्या आजोबांनी वडा बाजूला ठेवून आधी चटणी संपवली आणि परत मागितली. ती मिळाली, कुरकुर न करता. वडा चांगला, बटाटा फार बारीक न कुस्करलेला, पण वड्यासाठी कुणी इतक्या लांब येणार नाही. चटणीसाठी यावं.

वडापाव मुंबईचा खरा. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमाराला अशोक वैद्यांनी पावात वडा घालून विकायला सुरुवात केली, असं मानतात. गिरणीच्या पाळीवर जाणाऱ्याला उभ्यानं, एका हातात धरून खाता येईल असं काहीतरी हवं होतं. ठाण्यानं तो घेतला आणि प्रत्येक पेठेनं आपापला करून टाकला. स्टेशनलगतचं कुंजविहार त्याचं उलटं टोक: वडा मुठीपेक्षा मोठा, पाव त्याच्या मापाचा, एक खाल्ला की दुपारचं जेवण रद्द. आम्ही एक घेऊन दोघांत खाल्ला. लोकल पकडायच्या घाईतल्या माणसासाठी तो हिशेब अगदी बरोबर आहे. घरी जाईपर्यंत दीड तास, मग जेवण. चवीपुरतं बोलायचं तर माझं मत गजाननला.

दुपारी गडकरी रंगायतनवरून तलावपाळीला गेलो. नाटकाच्या मध्यंतरातला बटाटेवडा हा मराठी रंगभूमीचा न लिहिलेला अंक आहे, पण नाटकाची वेळ नव्हती. १९७८ पासून हे नाट्यगृह मासुंदा तलावाच्या काठावर उभं आहे, आणि तलावाच्या सगळ्या कडेनं संध्याकाळी गाड्या लागतात: भेळ, पाणीपुरी, कणीस, सरबत, कुल्फी. इथं माझं आणि पुतण्याचं जमेना. त्याला चीज घातलेली कुठलीशी फ्रँकी हवी होती. माझं निरीक्षण असं की जिथं माणूस कामाला येतो तिथं गाडीवाला पोट भरवतो, कारण तोच माणूस उद्या परत येणार असतो. जिथं माणूस फिरायला येतो तिथं गाडीवाला चीज किसतो आणि तीस रुपये वाढवतो. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्हाला चीज आवडत नाही एवढाच अर्थ आहे याचा." असेल. पण भेळ मात्र उत्तम होती, कैरी घातलेली. एप्रिलात कैरी न घालणाऱ्या भेळवाल्याकडं जाऊच नये.

रविवार

मार्केट बंद, म्हणून दादा-वहिनी बरोबर. सकाळी ठाणे पूर्वेला कोपरीत उतरलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची वसाहत इथं वसली. रविवारची सकाळ दाल-पकवानची. कडक तळलेली मैद्याची मोठी पापडी, घट्ट हरभरा डाळ, वर कांदा, चिंचेची आणि हिरवी चटणी. डाळ अख्खी दिसते पण बोटानं मोडते, एवढी शिजवलेली. दादानं आधी "हा काय नाश्ता, डाळ तर आपण जेवणात खातो" असं केलं, मग दुसरी प्लेट मागवली. सत्तर रुपये प्लेट, आणि आमच्यातल्या कुणालाच दुपारी दोनपर्यंत भूक लागली नाही. मागच्या बाजूला बसलेले एक सिंधी काका मुलाला शिकवत होते की पकवान आधीच डाळीत बुडवायचं नाही, मोडून उचलायचं. आम्ही तिघांनीही गुपचूप पद्धत बदलली.

तिथून पनवेलची गाडी पकडून बेलापूर. वहिनींना आगोटीची सुकी मासळी घ्यायची होती. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत समुद्रातली मासेमारी बंद असते, त्याआधी सुके बोंबील, जवळा, वाकट्या भरून ठेवायचे हा रिवाज कोकणचा, पण नवी मुंबईत राहून आमच्या घाटावरच्या वहिनींनीही तो उचलला आहे. रिक्षानं दिवाळे गावात गेलो. बेलापूरच्या काचेच्या इमारतींना खेटून हा कोळीवाडा आहे, होड्या, जाळी, मासळी बाजार सगळं शाबूत.

नवी मुंबई कागदावर आखलेलं शहर आहे. सिडको १९७० ला स्थापन झाली, ९५ गावांची जमीन घेतली, सेक्टर पाडले, प्रत्येक सेक्टरला दुकानांची ओळ, शाळा, बाग. नकाशात वडापावची गाडी मात्र कुठंच नव्हती. त्यामुळं नव्या सेक्टरांत खाणं एकतर हॉटेलात, नाहीतर स्टेशनबाहेर अतिक्रमणवाल्यांची गाडी यायच्या आत. वाशीत एका डोसेवाल्याला पेटता स्टोव्ह हातात धरून पळताना मी मागं पाहिलेलं आहे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं म्हटलंय, पण स्टोव्ह अजून पळतातच. बसून, निवांत, स्वस्त जेवायचं तर ते शहराच्या आधी असलेल्या गावठाणांतच.

दिवाळ्यात एका घराच्या ओटीवर चार टेबलं होती. घरातल्या दोघी सासू-सून रांधत होत्या. तांदळाच्या पिठाची उकड काढून केलेली भाकरी, पांढरीशुभ्र, इतकी मऊ की आमच्या ज्वारीच्या भाकरीच्या अभिमानाला जरा धक्काच बसला. तळलेली मांदेली, कडक, काट्यासकट खायची. जवळ्याची चटणी. आणि कोलंबीचं कालवण, आगरी-कोळी मसाल्याचं, त्यात कैरीच्या फोडी. त्या कालवणाबद्दल लिहायचं तर लिहीतच बसेन. तिखट होतं पण शनिवारच्या मिसळीसारखं अंगावर येणारं नव्हतं, कैरीचा आंबटपणा मागून येऊन ते शांत करत होता. रस्सा पातळ, भाकरीत शोषला जाणारा. दादानं भाताला हात लावला नाही, नुसत्या भाकरी मागत राहिला. सासूबाई म्हणाल्या, "घाटावरची मानसा भाकरीवरच राहतान." त्यांनी मोजल्या नाहीत, सुनेनं मोजल्या. माणशी दीडशेच्या आसपास पडलं. पापलेट-सुरमई मागितली असती तर हा हिशेब राहिला नसता. गावात जाऊन छोटा मासा खावा, मोठा मासा हॉटेलांसाठी सोडून द्यावा.

बोलता बोलता त्यांच्या जमिनीचा विषय निघाला. खाडीकाठची भातशेती गेली, घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा भूखंड मिळाला, तो बिल्डरला दिला, त्यातून मुलांची घरं झाली. सासरे तरुणपणी, जमिनी गेलेल्यांसाठी लढणाऱ्या दि. बा. पाटलांच्या मोर्चांना गेलेले. "आता शेती नाय, पन भाकरीचा तांदूळ इकत आनून भाकरी इकतो," हे सूनबाईंनी हसत सांगितलं.

संध्याकाळी नेरूळला दोन पत्रिका. तिथं जेवल्याशिवाय सोडणार नाहीत अशी धमकी होती. आम्ही सुक्या बोंबलाची पिशवी पुढं केली, वासावरूनच त्यांना पटलं की आम्ही जेवून आलोय.

सोमवार

शेवटच्या पत्रिका वागळे इस्टेटच्या. एमआयडीसीची ही पहिली औद्योगिक वसाहत, साठच्या दशकातली. कारखाने बरेच बंद पडले, त्यांच्या जागी काचेची ऑफिसं आली. निळे डगले गेले, गळ्यात पट्ट्यावाली ओळखपत्रं आली. मला वाटलं होतं की जुन्या कँटिनांबरोबर स्वस्त जेवणही गेलं असेल.

गेलेलं नाही, रूप बदललंय. ठाण्यात दर दोन गल्ल्यांमागं पोळी-भाजी केंद्र असतं आणि या शहराला त्याचा पुरेसा अभिमान नाही. एक शटर, आत पाच-सहा बायका, एक लाटतेय, एक भाजतेय, एक तूप लावतेय, बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलेलं: पोळी दहा, ज्वारी भाकरी वीस, सुकी भाजी, रस्सा भाजी, कोशिंबीर, वरण, भात. सोमवारी भेंडी आणि मटकी होती. संगणकावर काम करणारी मुलं दुपारी एकला रांगेत उभी, कागदी वाटीत भाजी, फॉईलमध्ये पोळ्या. परगावातून आलेला, एकटा राहणारा मुलगा महिना काढतो तो यांच्या जिवावर. पोटभर जेवण नव्वदला झालं. भेंडी जरा तेलकट, मटकी मात्र बरोबर, मोड आलेली आणि न फुटलेली.

सरकारनंही यात वेळोवेळी हात घातला आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर आली, पुढं केंद्रांच्या जागा राहिल्या आणि त्यांत वडे, चायनीज, काहीबाही विकलं जाऊ लागलं. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी: दोन पोळ्या, भाजी, वरण, भात, दहा रुपयांत. शहरी भागात या थाळीचा खर्च पन्नास रुपये धरलेला, वरचे चाळीस सरकार देणार. दादानं तिचं जेवण टाळेबंदीत खाल्लं होतं, तेव्हा ती पाच रुपयांना केली होती. "चव सोड, ताट गरम होतं," एवढंच तो म्हणाला. सरकारी पैसा उशिरा आला की चुलीचं काय होतं, हे कुठल्याही केंद्रचालकाला विचारा. पोळी-भाजीवाल्या बायका मात्र संध्याकाळी गल्ल्यातले पैसे मोजतात आणि दुसऱ्या दिवशी पीठ आणतात.

परतीची गाडी रात्रीची. निघताना त्याच केंद्रातून सहा पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी बांधून घेतली, बाईंनी न मागता लसणाची चटणी चिमूटभर टाकली. द्रुतगती मार्गावर गाडी फूड मॉलला थांबली तेव्हा मी सीटवरच डबा उघडला. शेजारच्या माणसानं खाली जाऊन आणलेल्या वड्याचे पैसे सांगितले आणि माझ्या पोळ्यांकडं बघितलं. दोन त्याला दिल्या. चहा मात्र तिथलाच घ्यावा लागला, चाळीस रुपये, आणि तोही गोडमिट्ट.